मदत हवी आहे : तराफ्यासाठी वल्हं पाहिजे, येतंय भलतंच

नमस्कार मंडळी. माझे मामा नाथसागरात मासे धरतात, पैठण धरणाच्या वरच्या अंगाला. होडी नाही. थर्माकोलचे ठोकळे पोत्यात शिवून केलेला तराफा, त्यावर मांडी घालून बसायचं आणि दोन हातांत दोन फळकुटं घेऊन पाणी मागं लोटायचं. फळकुटांना सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलीय, तरी तळहाताला घट्टे पडलेत. म्हटलं, चांगली वल्ही घेऊन द्यावीत.

वल्ह्याला इंग्रजीत पॅडल म्हणतात, म्हणून ऑनलाइन 'पॅडल' टाकलं. आले सायकलचे पायडल! दुसऱ्यांदा इंग्रजी स्पेलिंग तपासून टाकलं. लाकडी जोडी दिसली, लाल रबराची. वाटलं, पाण्यात टिकावं म्हणून रबर असेल. निघाल्या टेबल टेनिसच्या बॅटी. अमेरिकेत त्यांनाही पॅडल म्हणतात म्हणे. मामांनी उलटसुलट करून पाहिलं. "अरे, ह्याच्यानं भाकरी उलथायची का?" विक्रेता परत घेत नाही.

तेव्हापासून हा शब्द जिकडेतिकडे दिसतोय. आयपीएलच्या लिलावात उचलतात ती पाटी पॅडल, स्टिअरिंगमागच्या गिअरच्या पट्ट्या पॅडल, छातीला शॉक द्यायचं तेही पॅडल. १९६९ साली मेक्सिकोत निघालेला पॅडल नावाचा खेळ आणखी निराळाच. आपल्याकडं उलट आहे बघा: कुंभाराचं थापटणं, गवंड्याची थापी, धुण्याचं धोपटणं, तव्यावरचं उलथनं. चपट्या वस्तूगणिक वेगळं नाव.

एक दुकानदार म्हणाला, 'ओर' घ्या. मराठीत तेही वल्हंच. पण ते नावेच्या काठावर अडकवून, जायच्या दिशेला पाठ करून मारतात. आमच्या तराफ्याला काठच नाही. आणि मामांना जाळ्याला बांधलेल्या बाटल्या समोर दिसायला पाहिजेत.

तर जाणकारांनी सांगावं. कयाकचं, म्हणजे त्या अरुंद, लहान होडीचं, दोन पात्यांचं वल्हं २२०-२३० सेंटीमीटरचं मिळतंय. पाण्याच्या वर जेमतेम वीतभर बसणाऱ्याला ते झेपेल का? जाळं ओढताना दोन्ही हात मोकळे लागतात, फळकुटं तेवढा वेळ मांडीखाली दाबून ठेवतात. हे सात फुटी धूड ठेवायचं कुठं? का एका पात्याचं आखूड बरं? गावचा सुतार सागाचं करून देतो म्हणतो, पण माप मागतोय: पातं किती रुंद, दांडा किती लांब? कुणी तराफ्यावर वापरलं असेल तर नक्की लिहा.

बॅटी पडून आहेत, कुणाला हव्या असतील तर न्या. एकीला थोडा माशाचा वास आहे.