विमानवाहतुकीतील पदवी आणि वैमानिकाचा परवाना

प्रश्न:
शालेय शिक्षण संपल्यावर विमानवाहतूक विषयात पदवी घेण्याची माझी इच्छा आहे. या पदवीबरोबर विमान चालविण्याचा परवानाही मिळतो का, आणि वर्गात नेमके काय शिकवले जाते?

उत्तर १:
पदवी विद्यापीठ देते, तर परवाना त्या त्या देशाची नियामक संस्था देते. त्यामुळे एक मिळाले म्हणजे दुसरे मिळालेच असे समजू नये. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या मानकांनुसार व्यावसायिक परवान्यासाठी किमान २०० तासांचा उड्डाणानुभव लागतो, मान्यताप्राप्त अभ्यासक्रमातून शिकल्यास १५० तास पुरतात, आणि मोठ्या प्रवासी विमानाचे कप्तान होण्यासाठीच्या परवान्याला १५०० तास लागतात. म्हणून शुल्कात उड्डाणाचे किती तास धरले आहेत, हे प्रवेशापूर्वी लेखी विचारून घ्यावे. त्याहीआधी वर्ग १ ची, म्हणजे व्यावसायिक वैमानिकांसाठीची, वैद्यकीय तपासणी करावी. रंग ओळखण्यातला दोष शिक्षण अर्धे झाल्यावर कळला, तर होणारे दुःख फार मोठे असते.

उत्तर २:
वायुगतिशास्त्र, हवामानशास्त्र, दिक्चालन आणि हवाई कायदा हे विषय असतातच. मला मात्र सर्वांत मोलाचा वाटला तो मानवी घटकांचा, म्हणजे माणसांच्या चुका आणि आपसातील संवाद यांचा, अभ्यास. १९७७ मध्ये स्पेनच्या टेनेरिफ बेटावरील धावपट्टीवर दोन जंबो विमानांची टक्कर होऊन ५८३ माणसे दगावली, आणि त्यामागे धुक्याइतकेच रेडिओवरील संदिग्ध शब्दही होते. कनिष्ठ वैमानिकाने आपली शंका स्पष्टपणे मांडावी, हे आज म्हणूनच आवर्जून शिकवले जाते.

प्रश्नकर्ता:
मनःपूर्वक आभार. वैद्यकीय तपासणी आधी करून घेतो.