मदत हवी आहे: लाकडी बाहुल्यांतून भुगा गळतोय, पुढच्या आठवड्यात निघायचंय

बोजाबिस्तरा
दोन लाकडी बाहुल्या आहेत, वीतभरापेक्षा जरा उंच. एकीच्या पायाखाली रोज सकाळी पिवळट भुगा पडलेला असतो. झटकला की दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढाच. पुढच्या आठवड्यात कायमचं पुण्याला परत यायचंय, सामान बांधणं सुरू आहे. कीड मरेल असं काय लावू? घरात रॉकेल आहे, टर्पेंटाइन आहे, व्हार्निशही मिळेल. महागाच्या आहेत, फेकून द्या म्हणू नका. ते बायको म्हणतेच आहे.

सुतारपक्षी
लाकूड कुठलं? ते सांगितल्याशिवाय कोणीच काही सांगू शकणार नाही. तरी सांगतो. आमच्या वाड्याच्या तुळयांना भुंगेरे लागले होते. इंजेक्शनच्या सुईने प्रत्येक भोकात रॉकेल सोडलं, वरून मेण भरलं, मग व्हार्निशचे दोन हात. तुळया अजून उभ्या आहेत. पाच मिनिटांचं काम आहे, करून टाका.

शंकेखोर
तुळई आणि बाहुलीत काही फरक असतो की नाही? बाहुली रंगवलेली आहे का? फोटो टाका. आणि निघायचंय म्हणजे कुठून?

बोजाबिस्तरा
लागोसहून. फोटो इथे चढत नाहीये. लाकूड कुठलं ते मला कसं कळणार, मी सुतार नाही. रंग म्हणाल तर अंगाला लालसर थर आहे, हाताला लागतो. डोक्यावर उंच निमुळती केशरचना, तिला निळा रंग. डोकं अंगाच्या मानाने फार मोठं. कमरेला मण्यांच्या माळा. दोन्ही बाया आहेत. हे सगळं सांगून किडीचं काय होणार?

पोथीनिष्ठ
लागोस पोर्तुगालमध्येही आहे. देश लिहीत जा.

बोजाबिस्तरा
नायजेरिया हो! पोर्तुगालहून कोण बाहुल्या आणतं?

इबादानची_मावशी
थांबा, रॉकेलची बाटली खाली ठेवा आधी. या बाहुल्या नाहीत. वर्णनावरून या योरुबांच्या, म्हणजे नैर्ऋत्य नायजेरियातल्या लोकांच्या, एरे इबेजी आहेत, जुळ्यांच्या मूर्ती, निदान तशा बनवलेल्या तरी. योरुबांमध्ये जुळी फार होतात, आणि जुळ्यांचा आत्मा एकच असतो अशी श्रद्धा. त्यातलं एक मूल गेलं तर उरलेल्याला ओढून नेईल म्हणून घरचे बाबालावोकडे, म्हणजे इफा नावाचा कौल पाहून सांगणाऱ्याकडे जात. तो सांगेल त्याप्रमाणे कोरक्याकडून मूर्ती करून घेत. दोन्ही गेली तर दोन. मूल अगदी तान्हं असताना गेलं तरी मूर्ती मोठ्या माणसाची असते, भरल्या अंगाची. मग आई तिला न्हाऊ घालते, तेल लावते, उसळीसारखं काही तोंडाला लावून भरवते, जिवंत मुलाला नवा कपडा घेतला की हिलाही.

तो लाल थर ओसूनचा, एका लाल लाकडाची पूड असते, तेलात कालवून लावतात. केसांतला निळा म्हणजे नीळ. जुन्या काळी झाडाची, नंतर सर्रास कपड्यांना घालायची तीच पुडीतली. रॉकेल किंवा टर्पेंटाइन लावलंत तर हे सगळं सुटून ओघळेल. व्हार्निश लावलंत तर उरलेलं कायमचं आत चिकटेल. पाण्यानेही धुऊ नका. माझी नऊ वर्षं योरुबांच्याच इबादान शहरात गेली, तिथल्या शेजारणीकडे अशी एक होती, तिला हात लावायचा तर आधी विचारावं लागे.

कोकणी_वाळवी
मावशी, फार छान माहिती. जुळी फार होतात म्हणजे किती? आमच्या वहिनीला जुळी झाली तेव्हा अख्खं गाव लोटलं होतं.

इबादानची_मावशी
१९६०-७० च्या दशकांत तिकडे मोजणी झाली तेव्हा काही भागांत हजार बाळंतपणांत पन्नासच्या आसपास जुळी निघाली. आपल्याकडे दहाच्या आतबाहेर असतात. इग्बो-ओरा नावाचं गाव तर स्वतःला जुळ्यांची राजधानीच म्हणवतं. तिथल्या बायका भेंडीच्या पाल्याच्या सारावर आणि सुरणासारख्या यामवर खापर फोडतात, पण कारण असं पक्कं सिद्ध झालेलं नाही. आणि गंमत म्हणजे पहिलं जन्मतं ते ताइवो, ते धाकटं. नंतरचं केहिंदे, ते थोरलं. जग कसं आहे ते बघून ये म्हणून थोरल्याने धाकट्याला पुढे धाडलेलं असतं.

बोजाबिस्तरा
भुगा. मी भुग्याबद्दल विचारलं होतं.

कपाटातला_उंदीर
मी एका संग्रहालयाच्या भांडारात काम करतो, म्हणून लिहितो. औषध नको, थंडी द्या. मूर्ती टिश्यू कागदात गुंडाळायची, जाड पॉलिथीनच्या पिशवीत घालून हवा काढून सीलबंद करायची, आणि उणे २० अंशांला साधारण दोन आठवडे ठेवायची. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, पूर्ण दिवस तशीच राहू द्यायची, नाहीतर दमट हवेचं पाणी थेट लाकडावर धरतं. मणी काचेचे असतील आणि दोरा जीर्ण असेल तर कमरेभोवती मऊ कापड द्या.

आधी एक तपासा. भुगा बोटांत चोळला तर मऊ लागतो की खरखरीत? आणि दोन्ही मूर्ती वेगवेगळ्या काळ्या कागदांवर ठेवा, हलवू नका. सामान बांधताना जुनी पोखर हिंदकळली की जुनाच भुगा पडतो. कीड जिवंत आहे असं त्यावरून ठरत नाही.

सुतारपक्षी
फ्रीजमध्ये लाकूड? तडा जाईल. शिवाय दोन आठवडे म्हणताय, त्यांच्याकडे एक आहे. सुई आणि रॉकेल, पाच मिनिटं.

कपाटातला_उंदीर
सुक्या लाकडाला सीलबंद पिशवीत तडा जात नाही, म्हणूनच पिशवी. रॉकेल पोखरीच्या टोकापर्यंत पोचतंच असं नाही, अळी पलीकडे खात बसते. तुमच्या तुळया उभ्या आहेत कारण त्या तुळया आहेत, वीतभराच्या मूर्तीत तेवढं लाकूडच नसतं.

बोजाबिस्तरा
डीप फ्रीजर आहे. पण इथे वीज दिवसातून कितीदा जाते ते तुम्हाला माहीत नाही. जनरेटर चालू होईपर्यंत मासे सुटे होतात.

कपाटातला_उंदीर
मग तिथे नकोच. थंडी झपकन बसली पाहिजे. हळूहळू गार होत, मध्येच कोमट होत गेलं तर किडे त्याला सरावतात. आत्ता फक्त पिशवीत सीलबंद करा, दुसरीला लागण होऊ नये म्हणून दोन वेगळ्या पिशव्या. थंडीचं पुण्यात पोचल्यावर. घरचा फ्रीजर उणे १८ असतो, थोडे जास्त दिवस ठेवा.

अर्जविनंती
पुण्यात पोचल्यावर? कुणी विचारलंच नाही म्हणून विचारतो, या बाहेर काढायची परवानगी आहे का? नायजेरियात १९७९ चा कायदा आहे, राष्ट्रीय संग्रहालये आणि स्मारके आयोग त्यातूनच आला. १९१८ च्या आधी बनवलेली देशी कलावस्तू त्यात पुरावस्तू धरली जाते. आणि नंतरची असली तरी कलेच्या दृष्टीने महत्त्वाची आणि पारंपरिक विधीत वापरलेली असेल तर तीही. परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. नवी हस्तकला असली तरी तसा कागद जवळ असलेला बरा, विमानतळावर लाकडी कोरीवकाम दिसलं की विचारतात. लागोसला ओनिकानमध्ये राष्ट्रीय संग्रहालय आहे, तिथे दाखवा. इकडे उतरताना जिवंत कीड असलेलं लाकूड सापडलं तर तो वेगळाच ताप.

किती जुन्या आहेत, कुणाकडून घेतल्या, पावती आहे का?

बोजाबिस्तरा
आमच्या कॉलनीत एक विक्रेता फिरत येतो, मुखवटे, पितळी वस्तू, मणी घेऊन. त्याच्याकडून. शंभर वर्षं जुनी जोडी, एकाच घरातली, म्हणाला. म्हणून तर एवढे पैसे दिले. पावती कसली, तो टॅक्सीच्या डिकीतून विकतो.

शंकेखोर
म्हणजे शंभर वर्षं जुन्या असतील तर नेता येणार नाहीत, आणि नेता आल्या तर शंभर वर्षं जुन्या नाहीत. सुरेख.

लंडनचा_पाव्हणा
इंग्रजांनी १८९७ मध्ये हजारो वस्तू लुटून नेल्या तेव्हा कुणाचा परवाना काढला होता? ब्रिटिश म्युझियममध्ये जाऊन बघा. आणि आपल्या मराठी माणसाने दोन बाहुल्या आणल्या तर कायदे.

पोथीनिष्ठ
१८९७ ची लूट नायजेरियातल्याच बेनिन शहराची. ते एदो लोकांचं राज्य, योरुबांचं नव्हे, आणि त्या वस्तू मुख्यतः पितळेच्या आणि हस्तिदंताच्या. इबेजी बव्हंशी वेगळ्या वाटेने गेल्या. घरं ख्रिस्ती झाली, मुसलमान झाली, आजी गेल्यावर मूर्ती कोपऱ्यात पडल्या, गावोगाव फिरणाऱ्या दलालांनी त्या उचलल्या. युरोप-अमेरिकेतल्या संग्राहकांकडे त्या इतक्या गेल्या की आफ्रिकी कोरीवकाम जमवायला लागणारा माणूस बहुधा यांच्यापासूनच सुरुवात करतो. लहान, सुबक, कपाटात मावणाऱ्या.

लंडनचा_पाव्हणा
दलाली म्हणजे लूटच.

पोथीनिष्ठ
ती चर्चा करायला वेगळा धागा काढा, मी येतो.

ओसरीवरची
माझा प्रश्न वेगळा आहे. मेलेल्या लेकराची मूर्ती दिवाणखान्यात कशाला? वहिनी फेकून द्या म्हणतात त्यात काय चुकलं?

आठवडी_बाजार
आपल्याकडे देव्हाऱ्यात पूर्वजांचे टाक असतातच की. त्यांना नाही का आपण न्हाऊ घालत?

ओसरीवरची
टाक आपल्या घरातल्या माणसाचा असतो. सोनाराकडून करून घेतात, सणाला उजळतात, घर बदललं तर आधी तो जातो. शेजारच्यांच्या देव्हाऱ्यातला टाक कुणी डिकीतून विकत घेऊन शोकेसमध्ये ठेवत नाही.

इबादानची_मावशी
हे मात्र खरं. त्या माझ्या शेजारणीच्या घरीसुद्धा दुसऱ्या वेळी लाकडी नव्हतीच केली, प्लास्टिकची बाहुली आणली होती बाजारातून. कुठे कुठे जिवंत जुळ्याचाच फोटो दोनदा छापून शेजारी शेजारी लावतात. म्हणजे लाकूड गेलं तरी रीत लगेच गेली नाही. विकणाऱ्यांना मी बोल लावणार नाही, पण विकत घेणाऱ्याने एवढं ठाऊक ठेवून घ्यावं.

बोजाबिस्तरा, आता तुमच्या मूर्तींबद्दल विचारते, चिडू नका. दोघींच्या गालांवर रेघा सारख्याच आहेत का? पायाखालची बैठक दोघींची सारखी आहे? छातीवर काही कोरलंय? चेहरा झिजलाय?

बोजाबिस्तरा
एकीच्या गालांवर तीन आडव्या रेघा, दुसरीला नाहीत. भुगा पडतोय तिची बैठक चौकोनी, दुसरीची गोल. गोल बैठकीवालीच्या छातीवर त्रिकोणी ताईत कोरलाय आणि तिचं नाक-डोळे जवळजवळ पुसलेले आहेत. चौकोनीवालीचा चेहरा चांगला आहे, एकदम रेखीव. म्हणून मला तीच जास्त आवडते.

इबादानची_मावशी
मग ही जोडी नाही हो. एका कोरक्याने एका घरासाठी केलेल्या दोन मूर्तींची बैठक, केस, रेघा सगळं मिळतं असतं. सुट्या सुट्या मूर्ती जुळवून जोडी म्हणून विकणं ही दलालांची जुनी पद्धत. जोडीला पैसे जास्त मिळतात.

त्रिकोणी ताईत म्हणजे कुराणातलं वचन चामड्यात शिवून घालतात तो. ओयो आणि इगबोमिना भागातल्या मूर्तींवर दिसतो. नाक-डोळे पुसलेत ते वर्षानुवर्षं न्हाऊ घालून, भरवून. अशा झिजेत चेहरा जातो, पण मानेमागची किंवा कानामागची कोर तीक्ष्ण राहते, कमरेला मणी घासतात तिथे खाच पडते. खोट्या मूर्तींना सगळीकडून एकसारखं घासलेलं असतं, वर बुटाचं पॉलिश. त्या गोल बैठकीवालीचं मागून बघा.

कपाटातला_उंदीर
आणि लोकांना वाटतं भोकं असली की जुनं. भुग्याचे भुंगेरे ताज्या, कोवळ्या लाकडातलं पिष्ट खातात. फार जुनं, सुकलेलं लाकूड त्यांना तितकं आवडत नाही. भुगा मैद्यासारखा असेल तर चौकोनी बैठकीवाली अलीकडची असण्याची शक्यता वाढते. खात्री नव्हे, शक्यता.

बोजाबिस्तरा
काळा कागद रात्रभर ठेवला. चौकोनीखाली भुगा, मैद्यासारखाच. गोलखाली काहीच नाही. गोलची कानामागची कोर अगदी स्वच्छ आहे, कमरेला मण्यांखाली खोलगट पट्टा आहे.

शंकेखोर
म्हणजे जी आवडते ती नेता येईल आणि जिच्यासाठी पैसे मोजले ती राहील.

सुतारपक्षी
नवी असेल तर मग रॉकेलला काय हरकत आहे?

कपाटातला_उंदीर
आहे.

अर्जविनंती
काही ठरवू नका, दोन्ही घेऊन ओनिकानला जा. एकत्र जोडी म्हणून अर्ज करू नका, दोन स्वतंत्र वस्तू. सगळ्या बाजूंनी फोटो काढा, उंची मोजून लिहा, विक्रेत्याने काय सांगितलं ते जसंच्या तसं लिहा. गोलवालीला परवाना नाही मिळाला तर ती सामानात लपवून आणायचा विचार करू नका. विमानतळावर पकडलात तर तिथून सोडवायला हा धागा उपयोगी पडणार नाही. आणि विक्रेत्याकडून दोन ओळी तरी लिहून घ्या, कुठल्या गावातून आणली एवढं.

कोकणी_वाळवी
गोलवाली नाही नेता आली तर विकणार का? किती द्यावे लागतील?

इबादानची_मावशी
तुम्हीही नेऊ शकणार नाही. वाळवीने तर लांबच राहावं.

बोजाबिस्तरा
सोमवारी जातो. चौकोनी आत्ताच पिशवीत सीलबंद केली. गोल तशीच ठेवलीय, तिला काही होत नाहीये. विक्रेता फोन उचलत नाही.

अर्जविनंती
मग त्याच्याशिवाय जा. गोलवालीला काय म्हणाले ते इथे नक्की लिहा, लागोसहून परतणारे आणखी बरेच जण इथे असतील.