मदत हवी आहे: मुलाच्या शाळेच्या लसींसाठी सिनेटरच्या ऑफिसला मेल टाकू का? (कॅलिफोर्निया)

कंदीपेढा
नमस्कार मंडळी, आम्ही मे महिन्यात पुण्याहून सॅक्रामेंटोजवळ राहायला आलोय, नवऱ्याचा एल१ व्हिसा (कंपनीने बदली करून पाठवलेल्यांचा) आणि माझा त्याच्यावरचा एल२. मुलगा साडेपाच वर्षांचा आहे, ऑगस्टमध्ये किंडरगार्टन सुरू होतंय आणि शाळेने लसींच्या कागदावरून अॅडमिशन अडवून ठेवलीये. बाळंतपण माहेरी सातारा जिल्ह्यात झालं, त्यामुळे बऱ्याचशा लसी तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातच झाल्या, आणि माझ्याकडे आहे ते आशाताईंनी दिलेलं माता बाल संरक्षण कार्ड, सगळं मराठीत, तेही निळ्या पेनने लिहिलेलं आणि एका कोपऱ्यात कधीतरी वरण सांडलेलं. शाळेच्या ऑफिसमधल्या बाईंनी १७/०३ वर बोट ठेवून विचारलं की हा सतरावा महिना कुठला 😅 मग मी बसून सगळं भाषांतर करून दिलं तर म्हणाल्या गोवराचा एक डोस लवकर झालाय तो चालणार नाही, आणि दुसऱ्यात मम्प्स नाहीये. आता मम्प्स म्हणजे गालगुंड हे मला घरी येऊन शोधावं लागलं.

तर प्रश्न असा आहे की नवऱ्याच्या ऑफिसातला एक जण म्हणाला इथे लससक्तीचा कायदा ज्यांनी आणला ते राज्याचे सिनेटर (म्हणजे इथले आमदारच) स्वतः लहान मुलांचे डॉक्टर आहेत आणि सॅक्रामेंटोचेच आहेत, त्यांच्या ऑफिसला मेल टाका, ते पत्र देतात. आणि पार्कात भेटलेली एक आई म्हणाली एवढं कशाला, धार्मिक कारण आहे म्हणून लिहून द्या, तुम्ही हिंदू आहात ना. मला लसींचा काही प्रॉब्लेम नाहीये हो, फक्त झालेल्या लसी परत का टोचायच्या एवढंच. पत्राने काम होईल का? आणि असं डायरेक्ट लिहिलेलं चालतं का, आम्ही तर इथले मतदारही नाही.

फोल्समकर
ते सिनेटर म्हणजे डॉ. रिचर्ड पॅन. पण ताई ते आता सिनेटर नाहीयेत, २०२२ मध्येच मुदत संपली त्यांची, त्यामुळे तो मेल कुठेच पोचणार नाही. कायदा मात्र त्यांचाच, एसबी २७७ (एसबी म्हणजे सिनेट बिल), सांता मोनिकाच्या बेन अॅलन यांच्याबरोबर आणलेला. २०१४ च्या डिसेंबरात डिस्नेलँडमधून गोवराची साथ पसरली, कॅलिफोर्नियातच सव्वाशेच्या वर लोकांना झाला, आणि त्याच वातावरणात २०१५ च्या जूनमध्ये गव्हर्नर जेरी ब्राऊन यांनी सही केली. १ जुलै २०१६ पासून 'आमचा विश्वास नाही' म्हणून मिळणारी सूट बंद, धार्मिकही त्यातच गेली. तेव्हा पार्कातल्या बाईंचं ऐकू नका. आणि तसंही आपल्याकडे शीतळादेवी आहे, पण लस न घेण्याचं व्रत काही मी ऐकलेलं नाही.

मेडिकल सूट आहे, पण ती डॉक्टरने द्यायची असते आणि तिला खरं वैद्यकीय कारण लागतं. आधी काही डॉक्टर पैसे घेऊन सर्टिफिकेटं वाटायला लागले होते म्हणून पॅननीच २०१९ मध्ये एसबी २७६ आणून तेही आवळलं. त्या वर्षी भर रस्त्यात एकाने लाईव्ह व्हिडिओ चालू ठेवून त्यांना पाठीमागून ढकललं होतं, आणि नंतर सिनेटच्या सभागृहात गॅलरीतून एका बाईने आमदारांवर रक्त फेकलं. असं सगळं अंगावर घेऊन केलेला कायदा कोणी एका पत्रावर वाकवेल असं वाटत नाही.

बंड्या_बे_एरिया
मी जरा वेगळं बोलतो, शिव्या घालू नका. माझ्या दोन्ही पोरांना सगळ्या लसी झाल्यात, पण शाळेचं दार बंद करून सक्ती करणं मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आताही पटत नाही. घरी शिकवणाऱ्यांना लागू नाही आणि शाळेत पाठवणाऱ्यांना लागू, म्हणजे ज्याला घरी बसून शिकवणं परवडतं त्याला मोकळीक. २०१५ मध्ये मी आमच्या भागातल्या सिनेटरना (पॅन नाही, दुसरे, नाव नको) चांगला दोन पानी रागाचा मेल लिहिला होता. उत्तर आलं, छापील होतं पण गुळमुळीत नव्हतं, मी बाजूने मत देणार आहे आणि का ते हे, असं सरळ लिहिलेलं. दिलंही बाजूने.

पुढच्या वर्षी राज्याच्या एका खात्यात माझं लायसनचं प्रकरण महिनोन्‌महिने लटकलं, फोन केला की गाणं वाजायचं नुसतं. बायको म्हणाली त्याच सिनेटरच्या ऑफिसला लिही. मी म्हटलं आता कुठल्या तोंडाने. तिनेच माझ्या नावाने फॉर्म भरून टाकला. तिथल्या पंचविशीतल्या एका पोराने दोन वेळा स्वतः फोन केला, कागद मागवले, तीन आठवड्यांत काम झालं. जुन्या मेलबद्दल चकार शब्द नाही, बहुतेक त्याला माहीतही नसावं. माझं त्या कायद्याबद्दलचं मत बदललं नाही. पण त्या ऑफिसबद्दलचं बदललं.

तर लिहायला काही हरकत नाही, मतदार असायची गरज नाही, त्यांच्या मतदारसंघात राहत असलात की झालं. फक्त बरोबर माणसाला लिहा, राज्याच्या खात्याचं काम असेल तर राज्याचे सिनेटर किंवा असेंब्ली मेंबर, आणि पासपोर्ट व्हिसा सोशल सिक्युरिटी असलं केंद्राचं असेल तर काँग्रेसमनचं ऑफिस, ते आधी एका प्रायव्हसीच्या फॉर्मवर सही घेतात. विधिमंडळाच्या साईटवर पत्ता टाकला की तुमचे कोण ते कळतं.

सुईदोरा
मी इथे लहान मुलांच्या क्लिनिकमध्ये नर्स आहे, नागपूरची. कंदीपेढा, पत्राबित्राचं सोड, तुझं काम क्लिनिकमध्ये होणार आहे. असं आपल्या मुलांचं नेहमी होतं. भारतात सरकारी वेळापत्रकात गोवर रुबेलाचा पहिला डोस ९ महिने पूर्ण झाल्यावर देतात कारण तिकडे गोवराची भीती लवकर असते, आणि ते तिकडे बरोबरच आहे. पण कॅलिफोर्निया पहिल्या वाढदिवसानंतरचेच धरतं. आणि दुसरा डोस वेळेत असला तरी त्यात गालगुंड नसतं, इथे दोन एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेलाची एकत्र लस) लागतात.

पोलिओचं अजून कोणी सांगितलं नसेल तर ऐक, तोंडात दिलेले थेंब एप्रिल २०१६ नंतरचे असतील तर अमेरिकेत मोजत नाहीत, कारण त्या वर्षी जगभर थेंबांतून पोलिओ विषाणूचा टाइप २ हा प्रकार काढून टाकला. म्हणजे तू पल्स पोलिओच्या प्रत्येक रविवारी बूथवर नेलं असशील, बोटाला शाई लावून घेतली असशील, तरी इथे शून्य. वाईट वाटतं पण असं आहे. इंजेक्शनचा पोलिओ कार्डावर असेल तर तो डॉक्टरला नक्की दाखव. कांजिण्यांची लस सरकारी यादीत नव्हती, त्याचे दोन डोस लागतील, बाहेरून घेतले असतील तर ती पावती शोध. पेंटाव्हॅलेंटचे (पाच आजारांची एकत्र लस) तीन आणि दीड वर्षाचा बूस्टर मात्र धरतात, तेवढी सुटका.

परत दिल्याने पोराला काही होत नाही, दंड दुखेल, थोडा ताप येईल. एमएमआर आणि कांजिण्या एकाच दिवशी घेऊन टाक, नाहीतर मध्ये २८ दिवस थांबावं लागतं. आणि सगळे डोस संपेपर्यंत शाळा थांबत नाही, आज देता येतील ते दिले आणि पुढच्यांच्या तारखा लिहून मिळाल्या की कंडिशनल अॅडमिशन होते, फक्त त्या तारखा चुकवायच्या नाहीत. टीबीची टेस्ट सांगितली तर रक्ताची माग, लहानपणी दिलेल्या बीसीजीमुळे (टीबीची लस) कातडीवरची उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते.

फोल्समकर
+१. आणि तारखा लिहिताना महिना अक्षरात लिहा. आमच्याकडे ०५/०६ चा ५ जून होता, त्यांनी ६ मे केला आणि पोरगं कागदावर एक महिना आधीच टोचलं गेलं.

गुळपोळी७२
आमच्या वेळी नगरसेवकाच्या पत्रावर रेशनकार्डापासून शाळेच्या अॅडमिशनपर्यंत सगळं व्हायचं, त्यामुळे कंदीपेढाचा हात आपोआप तिकडे गेला यात नवल नाही. इथे पत्र मिळत नाही, पण फोन उचलतात हे मात्र खरं.

कंदीपेढा
सगळ्यांचे खूप खूप आभार, अपडेट देते. बंड्यादादांचं वाचून मी आमच्या सध्याच्या सिनेटरच्या ऑफिसला लिहिलंच, पत्र नको, नियम नक्की काय आहे आणि इन्शुरन्सचं कार्ड अजून आलं नाहीये तर लस कुठे मिळेल एवढंच विचारलं. दुसऱ्या दिवशी चक्क फोन आला. त्या मुलीने स्पष्ट सांगितलं की शाळेला आम्ही काही सांगू शकत नाही, पण काउंटीचं लसीचं क्लिनिक कुठल्या वारी असतं ते बघून दिलं, आणि इन्शुरन्स नसलेल्या मुलांना सरकारी योजनेतून लस मोफत असते हेही सांगितलं. काल जाऊन आलो. एका दिवसात चार सुया, दोन्ही दंडांत दोन दोन. तिसरीला रडला, चौथीला तिथल्या नर्सला मराठीत 'बास ना आता' म्हणाला आणि ती थँक यू म्हणाली. पिवळं कार्ड मिळालंय, पुढच्या तारखा लिहून, शाळेने सोमवारपासून यायला सांगितलंय.

फक्त एक झालंय, सासूबाईंना मी फोनवर सहज म्हटलं की सिनेटरच्या ऑफिसातून फोन आला होता, तर त्यांनी अख्ख्या वाईत सांगितलंय की नातवाच्या अॅडमिशनसाठी अमेरिकेच्या आमदाराचा फोन आला. आता काकेसासरे विचारतायत त्यांच्या मुलाच्या व्हिसाचं काही होईल का 🙈