तात्यांना वाचा आली ती कन्नडमधून. आता 'मराठी रक्तात असते' कसं म्हणायचं?

शहापूरचा नातू

आमच्या घरात दोन महिने एकच वाद चाललाय. घरातले सगळे एकमेकांना ऐकवून दमले, म्हणून आता इथं टाकतोय.

माझे आजोबा, आम्ही त्यांना तात्या म्हणतो, वय ७८. जन्म बेळगावच्या शहापुरातला, घरात मराठीशिवाय दुसरी भाषा नाही. चौदाव्या वर्षी साड्यांच्या दुकानात गादीवर बसले आणि पुढची पन्नास वर्षं वडगावच्या विणकरांशी कन्नडमध्ये भाव केला. दर १ नोव्हेंबरला मात्र दंडाला काळी फीत बांधून काळ्या दिनाच्या, म्हणजे बेळगाव कर्नाटकात घातल्याच्या निषेधाच्या फेरीत पुढे. या दोन्ही गोष्टी त्यांना कधी एकमेकींच्या आड आल्या नाहीत.

एका सकाळी दात घासताना तोंड वाकडं झालं, उजवा हात लोंबायला लागला. शेजारचे म्हणाले आधी तेल चोळा. त्यात दोन तास गेले, ते आजही माझ्या मनातून जात नाहीत. मेंदूच्या डाव्या बाजूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती. जीव वाचला, वाचा गेली. नवव्या दिवशी पहिला शब्द फुटला तो 'साकु'. दुसऱ्या दिवशी 'नीरु'. मग 'बेड'. पुरे, पाणी, नको. तिन्ही कन्नड. समोर आज्जी बसलेली. तिला कन्नड कळतं, पण पन्नास वर्षांत तिनं ते स्वयंपाकघरात येऊ दिलेलं नाही. काका बाहेर व्हरांड्यात जाऊन रडले.

स्पीच थेरपिस्टनं विचारलं, सराव कुठल्या भाषेत घ्यायचा? काका म्हणाले मराठीत, मातृभाषा रक्तात असते, ती येणारच. मी म्हणालो, जी येतेय तिचं बोट धरू.

माझं म्हणणं सरळ आहे. भाषा जनुकांत नसते, मेंदूत असते, आणि मेंदू वापर मोजतो, जन्म नाही. रिबो नावाच्या फ्रेंच अभ्यासकानं १८८१ मध्ये मांडलं होतं की स्मृतीला धक्का बसला की जे आधी शिकलेलं ते शेवटपर्यंत टिकतं. पित्र नावाच्या दुसऱ्या फ्रेंच डॉक्टरनं १८९५ मध्ये उलट सांगितलं: वाचा जाण्याआधी जी भाषा जास्त वापरात होती, ती आधी परतते. आमच्या घरात पित्र जिंकला. सभेत 'मराठी आमच्या रक्तात' असं कोणी म्हटलं की आता मला कसंतरीच होतं.

येळ्ळूरचा गडी

भावा, तात्या बरे होऊ देत, ते पहिलं. पण रक्त तपासल्यावर मराठी निघतंय असं कोण म्हणूलालंय? बोलायची रीत आहे ती. आईच्या मायेला 'काळीज' म्हणतोस तेव्हा काय हार्टचा फोटो काढतोस?

आणि 'जनुकांत नसते' हे पण पुरतं खरं नाही. फॉक्सपी-टू नावाचं जनुक आहे. लंडनमधल्या एका कुटुंबात तीन पिढ्यांतल्या निम्म्या माणसांना नीट बोलताच येत नव्हतं. २००१ मध्ये कळलं, त्या एका जनुकात एकच अक्षर चुकलेलं. एका अक्षरानं वाचा अडकते, आणि तू म्हणतोस जनुकांचा संबंध नाही. मी बीएस्सी केलंय, पेपर वाचूनच बोलतोय की.

शहापूरचा नातू

तेच जनुक उंदरात आहे, गाणाऱ्या पक्ष्यांत आहे, निअँडर्थल माणसाच्या हाडांतही सापडलं. उंदीर कुठली भाषा बोलतो? त्या कुटुंबातल्या माणसांना ओठ, जीभ, जबडा पटापट एकामागून एक हलवायला जमत नव्हतं, त्यामुळं त्यांची इंग्रजी अडखळली. ती माणसं आपल्याकडं जन्मली असती तर मराठी अडखळली असती.

विणकराच्या भाषेत सांगतो. जनुकं माग देतात. त्यावर इरकल निघणार की पैठणी, ते मागात लिहिलेलं नसतं. साधा हिशेब बघ: प्रथिनं बनवणारी जनुकं साधारण २०,००० आणि मेंदूत चेतापेशी सुमारे ८,६०० कोटी. कुठली पेशी कुठलीला जोडायची, याची यादी त्या वीस हजारांत मावणारच नाही. बाकीची जोडणी ऐकून, बोलून, मार खाऊन होते.

येळ्ळूरचा गडी

माग नसला तर साडी पण नाही, एवढंच म्हणतोय मी. चालू दे.

खानापूरच्या बाई

बाळा, तात्यांना माझा नमस्कार सांग. तीस वर्षं मराठी शाळेत पहिलीला शिकवलंय, म्हणून बोलते. रक्ताचं तू खोडलंस ते ठीक. पण 'मेंदू जन्म मोजत नाही' हे वाक्य मला पटलं नाही.

माझ्या वर्गात घरी कन्नड बोलणारी मुलं यायची. हुशार, महिन्याभरात गाणी म्हणायची. पण 'चार'मधला च आणि 'चाक'मधला च वेगळा आहे, हे त्यांच्या कानाला कळायला वर्ष जायचं, कारण कन्नडमध्ये च एकच. मी हसायचे, मग माझ्यावरच वेळ आली. कन्नडमध्ये 'कोडु' दोन आहेत. ऱ्हस्व ओ म्हटला तर 'दे', दीर्घ म्हटला तर 'शिंग'. आपल्या मराठी कानाला दोन्ही एकच. बाजारात मी किती वर्षं लोकांकडं शिंगं मागितली असतील, देव जाणे.

हे कानाचं वळण कधी पडतं? कॅनडात जेनेट वर्कर यांनी १९८४ मध्ये इंग्रजी घरातल्या तान्ह्या मुलांना हिंदीतले त आणि ट ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या मुलांना फरक कळायचा. दहा-बारा महिन्यांची झाली की बहुतेकांना कळेनासा व्हायचा. म्हणजे पहिला वाढदिवस व्हायच्या आतच मेंदू ठरवतो, कुठले आवाज आपले आणि कुठले सोडून द्यायचे.

आणि २०१४ चा एक अभ्यास तू मुद्दाम वाच. चीनमधून वर्षभराच्या असताना कॅनडातल्या फ्रेंच बोलणाऱ्या घरांत दत्तक गेलेल्या मुली. चिनी एक शब्द आठवत नाही. पण चिनी सूर ऐकवले की मेंदूचा डावा भाग चिनी बोलणाऱ्यांसारखाच जागा होतो, आणि जिनं कधी चिनी ऐकलंच नाही अशा फ्रेंच मुलीत तसं होत नाही. वापर शून्य, वर्षानुवर्षं. तरी खूण राहिली. मग तात्यांच्या आईनं पहिल्या वर्षात कानात घातलेली मराठी कुठं जाईल?

शहापूरचा नातू

बाई, नमस्कार. हा अभ्यास मला माहीत नव्हता. पण २००३ मध्ये फ्रान्समध्ये उलटं दिसलं होतं. कोरियातून तीन ते आठ वर्षांची असताना दत्तक आलेली माणसं मोठेपणी तपासली. कोरियन वाक्यं त्यांना ओळखता येईनात, मेंदूच्या चित्रांतही फ्रेंच माणसांपेक्षा वेगळं काही दिसेना. वर्षानुवर्षं बोललेली भाषा पुसली गेली!

खानापूरच्या बाई

तिथं वाक्यं ऐकवली होती, इथं नुसते सूर. वाक्य विसरेल माणूस, नाद विसरत नाही. आणि खूण रक्तात आहे असं मीही म्हणत नाही. पाळण्यात आहे म्हणते. तुझ्या काकांना तो शब्द दे, बघ पटतोय का.

गोंधळ नको

थोडक्यात काय, मराठी माणसाच्या मेंदूत पण कन्नड पहिली, असं आता शास्त्रानं सिद्ध झालं म्हणायचं. पाठवा हा धागा बंगळूरला, कन्नडसक्तीचा पुढचा कागद यावरच निघेल. घरचं दुखणं चव्हाट्यावर मांडताना थोडा विचार करायचा.

शहापूरचा नातू

तात्यांनी ज्या लाठ्या खाल्ल्या त्या कन्नड येत नव्हतं म्हणून नाही, मराठीत कागद मिळत नव्हता म्हणून. त्यांना फर्डं कन्नड यायचं आणि तरी ते फेरीत असायचे. हे समजत नसेल तर पुढचं बोलणं नको.

फिजिओ, गोकाक रोड

मी रोज असे पेशंट बघते. काका आणि नातू, दोघांचंही थोडं चुकतंय असं मला वाटतं.

आधी मेंदूचं. बहुतेक माणसांत बोलण्याचं काम डाव्या बाजूकडं असतं. शरीर हलवणारे तंतू मेंदूच्या देठापाशी खाली ओलांडून पलीकडं जातात, म्हणून डावीकडं घाव बसला की उजवा हात जातो आणि सोबत वाचा. पॅरिसमध्ये ब्रोका या डॉक्टरकडं १८६१ मध्ये एक पेशंट आला, त्याला फक्त 'तान' म्हणता यायचं. समजायचं बरंच. मेल्यावर मेंदू उघडला तर डाव्या कपाळामागचा भाग खराब. मराठीसाठी एक कप्पा आणि कन्नडसाठी दुसरा, असं काही नसतं. दोन्ही भाषा बऱ्याच अंशी त्याच जाळ्यावर चालतात. वेगळं असतं ते, या क्षणी कुठली बाहेर येऊ द्यायची आणि कुठली दाबून धरायची, हे ठरवणारं काम. त्यात मेंदूच्या आत खोलवर असलेले चेतापेशींचे पुंजकेही असतात. मराठी गेली असं समजू नका. कदाचित दार अडकलंय.

दुसरं, रिबो-पित्र. जुन्या डॉक्टरांनी लिहून ठेवल्या त्या विचित्र केसेस. ज्याच्या दोन्ही भाषा बरोबर सुधारल्या, त्याच्यावर लेख कोण लिहिणार? प्रत्यक्षात बहुतेकांच्या दोन्ही भाषा साधारण बरोबरच वर येतात. तीन शब्दांवर 'पित्र जिंकला' म्हणणं घाईचं आहे. आणि दवाखान्यात त्यांच्याशी कन्नडमध्ये कोण बोलत होतं? आया? नर्स? नऊ दिवस कानावर काय पडलं, तेही बघा.

एक विचारते, पाढे म्हणतात का?

शहापूरचा नातू

आया आणि रात्रीची सिस्टर, दोघी कन्नड. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

पाढे म्हणतात! मी 'बे एके' म्हटलं की पुढं सुटतात, पावकीसुद्धा. तीसच्या पुढं थांबवावं लागतं. पण 'तुमच्या हातात किती बोटं' विचारलं की गप्प. आणि, लिहू की नको, शिव्या मराठीत येतात. स्वच्छ.

येळ्ळूरचा गडी

शिव्या मराठीत! जिंकलो की गा! आधी का नाही सांगितलंस?

फिजिओ, गोकाक रोड

दादा, ढोल नका वाजवू. पाढे, आरती, शिव्या हे घोकून पाठ झालेलं बोलणं. ते वाक्य जुळवून बोलण्यापेक्षा वेगळ्या वाटेनं येतं, उजव्या बाजूचाही त्यात हात असतो. म्हणून 'पाणी द्या' न म्हणता येणारा माणूस भजन अख्खं म्हणतो. त्यावरून भाषा परत आली असं होत नाही. पण तो धागा आहे हातात, पाढ्यापासून सराव सुरू करता येतो.

टिळकवाडीचा पेन्शनर

एक चांगली बातमी कोणीच सांगत नाही. हैदराबादच्या निम्स रुग्णालयात सुवर्णा अल्लाडी यांनी २०१३ मध्ये डिमेन्शियाचे, म्हणजे स्मृतिभ्रंशाचे ६४८ रुग्ण पाहिले. दोन किंवा जास्त भाषा बोलणाऱ्यांना तो साडेचार वर्षं उशिरा झालेला. शाळेत न गेलेल्यांतही फरक होता. मग २०१६ मध्ये पक्षाघाताचे ६०८ रुग्ण. झटक्यानंतर बुद्धी शाबूत राहिलेले एकभाषी १९.६ टक्के, बहुभाषी ४०.५ टक्के. सीमाभागातल्या माणसाला सरकारनं काही दिलं नाही, पण हे मिळालंय.

निपाणीचा शंकेखोर

काका, दुसऱ्या अभ्यासातली पुढची ओळ पण सांगा की. वाचा जाण्याचं प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखंच होतं. म्हणजे तात्यांच्या नेमक्या दुखण्यावर दोन भाषांचा उपयोग नाही.

आणि डिमेन्शियाचं म्हणाल तर हे दवाखान्यात आलेले लोक. कोण कधी दवाखान्यात येतो, हेही घरच्या परिस्थितीवर असतं. निरोगी माणसं घेऊन वर्षानुवर्षं मागोवा घेतलेल्या अभ्यासांत हा फायदा नीट दिसत नाही. २०१५ मध्ये आणखी एक उघड झालं: दोन भाषांनी लक्ष आणि विचारांवरचा ताबा सुधारतो का, यावर परिषदांत मांडलेल्या अभ्यासांपैकी 'फायदा आहे' म्हणणारे ६३ टक्के छापून आले, 'नाही' म्हणणारे ३६ टक्केच. आपल्याला जे ऐकायला आवडतं, तेच छापलं जातं. मी तीन भाषा बोलतो, तरी चष्मा कुठं ठेवला ते बायकोला विचारतो.

टिळकवाडीचा पेन्शनर

चष्मा हा डिमेन्शिया नव्हे, लग्न आहे. पण छपाईचा मुद्दा मान्य. साडेचार वर्षांचा आकडा मी जरा जपून वापरीन.

येळ्ळूरचा गडी

बाकी सगळं राहू दे. तेलाचं लिहिलंस त्यावर कोणीतरी बोला. आमच्या गावात आजही हेच करूलाल्यात.

फिजिओ, गोकाक रोड

तोंड वाकडं, एक हात खाली पडतोय, बोलणं बोबडं. यातलं एक जरी दिसलं तरी गाडी काढायची. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि आधी सीटी स्कॅन करून रक्तस्राव नाही ना, ते बघावं लागतं. म्हणजे तुमच्या हातात साडेचार तास नसतातच. मोठ्या झटक्यात मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात. पाणी, चहा, गोळी काही तोंडात घालू नका, गिळता येत नसेल तर फुप्फुसात जातं. नातू, तुम्ही स्वतःला दोष देऊ नका. रोज कोणी ना कोणी तेल लावूनच येतं.

आणि भाषेचं: सराव दोन्हीत घ्या. एकीत केलेलं कधी दुसरीत उतरतं, कधी नाही. पण जो शब्द येतोय त्याला 'चूक' म्हणू नका. पेशंट गप्प बसला की सगळं संपतं. पहिले तीन महिने वाया घालवू नका, त्यातले दोन गेलेत.

शहापूरचा नातू

आज सकाळची गोष्ट. काका पाढ्यांचं जुनं पुस्तक घेऊन बसले, मी बाजूला साड्यांचे तुकडे मांडले. तात्यांनी एक हिरवा तुकडा डाव्या हातानं चाचपला, बराच वेळ, आणि काकांकडं बघून म्हणाले, 'एष्टु?' म्हणजे केवढ्याला. काकांचं तोंड पडलं. ते काही बोलायच्या आत आज्जी आतून आली, हात पदराला पुसत, आणि म्हणाली, 'नूरु.' शंभर.

तात्या तिच्याकडं बघत राहिले. मग मान हलवून म्हणाले, 'महाग.'