स्टारड्यू व्हॅली (शेतीचा व्हिडिओ गेम): डाय बंडलसाठी (जमवून द्यायच्या वस्तूंचा एक संच) सी अर्चिन कुठे शोधायचा?

प्रश्न (नवी_वाडी): समुद्रकिनाऱ्यावर शिंपले रोज दिसतात, पण सी अर्चिन (काटेरी समुद्री प्राणी) एकही नाही. तो ठराविक ऋतूतच येतो का? आणि बंडलात दिल्यावर उरलेले ठेवावेत की विकावेत?

खाऱ्या_वाऱ्यावर: ऋतूचा प्रश्न नाही, तो वर्षभर मिळतो. तुम्ही बहुतेक किनाऱ्याच्या पश्चिम भागातच फिरताय. कोळी विलीच्या दुकानावरून पूर्वेकडे गेलात की मोडका लाकडी पूल दिसेल. पलीकडच्या खडकाळ भागात सी अर्चिन आणि कोरल (पोवळं) येतात.

पुलाला ३०० लाकडं लागतात आणि ती अंगावरच्या सामानात असावी लागतात. घरच्या पेटीतली चालत नाहीत, इथेच पुष्कळांची फेरी फुकट जाते. लाकूड तोडायला वेळ नसेल तर सुतारकाम करणाऱ्या रॉबिनकडे खेळातल्या पहिल्या वर्षी एक लाकूड १० सोन्याला मिळतं, म्हणजे ३,००० ला काम होतं. दुसऱ्या वर्षापासून तोच भाव ५०, म्हणून हे पहिल्या वर्षीच उरका.

पाणलोट: वरच्यात भर. पूल झाला तरी पहिल्याच दिवशी अर्चिन मिळेल असं नाही. तिथे कोरल जास्त पडतं, अर्चिन कमी, त्यामुळे काही दिवस नुसतं कोरल मिळालं तर खेळात बिघाड झालाय असं समजू नका.

रविवार मात्र लक्षात ठेवा. ७, १४, २१ आणि २८ तारखेच्या सकाळी किनाऱ्यावर न उचललेलं सगळं साफ होतं आणि नवीन पडतं. शनिवारी संध्याकाळी एक फेरी माराच. उन्हाळ्यात १२ ते १४ तारखेला किनाऱ्यावर नेहमीपेक्षा बरंच जास्त पडतं, पण १४ ला रविवार असल्याने १२-१३ चा माल १३ च्या रात्री झोपण्याआधी गोळा करा.

खाऱ्या_वाऱ्यावर: हे १३ तारखेचं अगदी खरं, सांगायला हवंच होतं.

गोधडी_आणि_गाजर: ठेवायचे की विकायचे, याबद्दल. पहिला अर्चिन पेटीत जपून ठेवा, कारण डाय बंडल कम्युनिटी सेंटरमधल्या बुलेटिन बोर्डवर असतं आणि तो बोर्ड तीन बंडलं पूर्ण झाल्यावरच उघडतो. तोवर चुकून विकला जातो आणि मग पुन्हा शोधत बसावं लागतं. बंडल पूर्ण झालं की सीड मेकर (पिकापासून बियाणं बनवणारं यंत्र) मिळतो. खेळ सुरू करताना बंडलं मिसळून घेतली असतील तर तिथे अर्चिन मागतीलच असं नाही, आधी यादी पाहा.

पुढचे खुशाल विका. साधा १६० ला जातो. फोरेजिंग (वेचणीचं कौशल्य) १० व्या पातळीवर बोटॅनिस्ट हा पर्याय निवडला असेल तर प्रत्येक अर्चिन इरिडियम (सर्वोच्च) दर्जाचा मिळतो आणि ३२० येतात. शेतावर माशांचं तळं बांधलं असेल तर एक त्यात सोडा, हळूहळू वाढतात. आणि एक मात्र घरच्या मत्स्यटाकीत ठेवाच: हातात टोपी घेऊन टाकीवर क्लिक केलं की अर्चिन ती डोक्यावर घालतो. फारच गोड दिसतो.

नवी_वाडी: पूल दुरुस्त नव्हताच, हेच कारण. मग कोरलचं काय करू?

पाणलोट: निदान दोन-चार ठेवा. किनाऱ्याच्या वॉर्प टोटेमला (वापरलं की थेट किनाऱ्यावर पोहोचवणारी वस्तू) १ हार्डवुड, २ कोरल आणि १० फायबर लागतात. जुन्या लेखांत डिलक्स स्पीड-ग्रोसाठी (पीक लवकर वाढवणारं खत) कोरल सांगितलेलं असतं, पण १.६ आवृत्तीपासून त्याऐवजी हाडांचे तुकडे लागतात, त्यासाठी साठा करू नका.