ठाणे, घोडबंदर की डोंबिवली? बजेट एक दहा, सल्ला हवाय

मीठागररोड:
नमस्कार मंडळी. आम्ही मुलुंड पूर्वेला भाड्याने राहतो, मालकांना पुढच्या वर्षी फ्लॅट त्यांच्या मुलासाठी हवाय त्यामुळे आता स्वतःचं घ्यायचंच असं ठरवलंय. मुलुंडात चौकशी केली, जे आवडतं ते हाताबाहेर आहे. मिस्टर पवईला, मी ठाण्यात बँकेत, मुलगा दुसरीत, सासूबाई सोबत असतात आणि त्यांचे गुडघे दुखतात. बजेट एक कोटी दहा. तीन पर्याय आहेत: नौपाड्यात जुन्या बिल्डिंगमधला वन बीएचके, तिसरा मजला, लिफ्ट नाही पण रिडेव्हलपमेंट होणार म्हणतात, घोडबंदर रोडवर कासारवडवलीला अंडर कन्स्ट्रक्शन टू बीएचके, डोंबिवली पूर्वेला रिसेल टू बीएचके, प्रशस्त आहे आणि वीसेक लाख वाचतात. घरात रोज यावरून चर्चा चालू आहे, कोणीतरी नीट सांगा.

हिशोबवही:
ताई, आधी हे सांगा की एक दहा म्हणजे ॲग्रीमेंटची किंमत की सगळं धरून? कारण ७५ लाखांच्या वरच्या लोनला बँक किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंतच देते, म्हणजे एक दहाला साडेसत्तावीस लाख तुमचे. ठाण्यात स्टँप ड्युटी ७ टक्के, झाले ७ लाख ७० हजार, रजिस्ट्रेशन ३० हजार, आणि बिल्डरकडून ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) न आलेलं घर घेतलं तर ५ टक्के जीएसटी म्हणजे अजून साडेपाच. कासारवडवलीसाठी ४१ लाख स्वतःचे लागतील, रिसेल असेल तर साडेपस्तीस. वर ब्रोकर आणि किचन वेगळं. ईएमआय साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांना लाखामागे ८६८ रुपये धरा, साडेब्याऐंशी लाखांचा ७१ हजारांच्या वर जातो.

घर फक्त तुमच्या एकटीच्या नावावर घेतलंत तर स्टँप ड्युटीत एक टक्का सूट आहे, मिस्टर लोनला सहअर्जदार राहू शकतात. पण मग ते जुन्या टॅक्स पद्धतीत असतील तर व्याजाची वजावट त्यांना मिळणार नाही, मालकी लागते त्याला. दोन्ही आकडे मांडून बघा.

रामवाडीकर:
मी घोडबंदरला राहतो. मोकळं आहे, येऊरचा डोंगर दिसतो, मुलांना खेळायला जागा आहे, हे सगळं खरं. पण सकाळी तुम्हाला ठाण्यात बँकेत पोचायचंय आणि मिस्टरांना पवईला, आणि रस्ता एकच. गायमुखला एखादा कंटेनर बंद पडला की मागे किती वेळ जाईल सांगता येत नाही. घोडबंदरवरच्या मेट्रो ४ चं नाव घेऊन बिल्डरने भाव केव्हाच वाढवलेत, ते पैसे तुम्ही आधीच भरताय हे लक्षात घ्या. जिथे बघाल तिथल्या सोसायटीचा वार्षिक अहवाल मागा आणि त्यात टँकरच्या खर्चाची ओळ शोधा. ब्रोचरमध्ये पाणी २४ तास असतं, खरं काय ते त्या ओळीत कळतं.

आणि टेप घेऊन जा. रेरा कार्पेटमध्ये, म्हणजे रेरा कायद्याने ठरवलेल्या आतल्या क्षेत्रफळात, बाल्कनी येत नाही, सेल्सवाले बाल्कनी, डेक सगळं मिळवून 'युजेबल' म्हणून सांगतात.

फडकेरोड:
डोंबिवलीला नावं ठेवणारे खूप येतील म्हणून आधीच लिहितो. शाळा, नाट्यगृह, वाचनालयं, भाजी, माणसं, सगळं उत्तम आहे. सकाळची लोकल मात्र गृहीत धरा, ठाण्यापर्यंत अंतर कमी पण चढणं हीच परीक्षा. माणकोली पुलामुळे गाडीवाल्यांना बरं झालंय.

खरी भीती कागदांची आहे. आमच्याकडे ६५ बिल्डिंगांनी बनावट परवानग्या दाखवून महारेराचा, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाचा, नंबर मिळवला होता, २०२४ च्या नोव्हेंबरात हायकोर्टाने त्या पाडायला सांगितल्या. लोकांची लोन चालू होती, घरात लहान मुलं, काय अवस्था झाली असेल. तेव्हा रेरा नंबर दिसला म्हणून हात जोडू नका, बांधकाम परवानगी आणि ओसी महापालिकेच्या नगररचना विभागातून वकिलाकरवी तपासून घ्या.

मीठागररोड:
डोंबिवलीचा मालक म्हणतो ओसी प्रोसेसमध्ये आहे, बाकी सगळ्यांनी घेतलेत फ्लॅट. टोकन मागतोय.

फडकेरोड:
प्रोसेसमध्ये म्हणजे नाही. टोकन देऊ नका, कितीही घाई केली तरी.

घंटाळीमावशी:
अगं, नौपाडा कोणाला आवडणार नाही, स्टेशन चालत, गडकरी रंगायतन चालत, डॉक्टर चालत, म्हणून तर हे भाव आहेत. पण तिसरा मजला आणि गुडघे? 'रिडेव्हलपमेंट होणार' हे आमच्या गल्लीत वर्षानुवर्षं ऐकतोय. तोपर्यंत त्या माउलीने खाली उतरायचंच नाही का? घरात कोंडून पडलेलं माणूस फार लवकर खचतं, हे मी जवळून बघितलंय. शिवाय ३० वर्षांवरच्या बिल्डिंगला बँक स्ट्रक्चरल ऑडिट मागेल, पहिल्यापासूनचे सगळे ॲग्रीमेंट मागेल, मधलं एक जरी हरवलं असेल तर लोन अडतं.

माझं ऐक, ठाणे पूर्वेला कोपरीत बघ. लिफ्टवाली, ओसी असलेली बिल्डिंग, खोल्या जरा लहान का असेनात. स्टेशन चालत, तुझी बँक जवळ, सासूबाईंना खाली बसायला मिळेल. मोठ्या हॉलपेक्षा संध्याकाळी सहाला घरी असणं जास्त मोलाचं, मुलगा दुसरीत आहे तुझा.

हिशोबवही:
मावशींना पूर्ण अनुमोदन. भाव करायच्या आधी आयजीआर महाराष्ट्रच्या (नोंदणी विभागाच्या) साइटवर ई-सर्चला त्याच बिल्डिंगचे इंडेक्स टू (नोंदलेल्या व्यवहारांचे उतारे) काढा आणि 'मोबदला' रकाना बघा. शेजारचा फ्लॅट खरोखर कितीला रजिस्टर झाला ते तिथे छापलेलं असतं, मग ब्रोकर काय बोलतो त्याला अर्थ नाही.

मीठागररोड:
मावशी, कोपरी डोक्यातच आली नव्हती. शनिवारी जातोय, सासूबाईंनाही नेते. ब्रोकरचं किती असतं हो?

घंटाळीमावशी:
दोन टक्के सांगतील, एकावर आण. आणि सासूबाईंना लिफ्टपर्यंत स्वतः चालू दे, तू हात धरू नकोस. बऱ्याच बिल्डिंगांना गेटपासून लिफ्टपर्यंतच पाच-सहा पायऱ्या असतात, काही ठिकाणी लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे थांबते, ते ब्रोकर सांगत नाही.