आईसाठी प्रीपेड मोबाइल सेवा निवडायची आहे. आधी काय पाहावे?

पाऊलवाट

नमस्कार. माझी आई एकटी राहते आणि तिच्या मोबाइलसाठी नवी प्रीपेड सेवा निवडायची आहे, म्हणून जाणकारांचा सल्ला हवा आहे. सध्याच्या सेवेत तिच्या आतल्या खोलीत आवाज तुटतो, फोन लागला तरी मधेच बंद पडतो, आणि तक्रारी करूनही फरक पडलेला नाही. तिचा वापर फार नाही. दिवसाला चार-सहा फोन, त्यांतले बहुतेक येणारे. नातवंडांचे फोटो, अधूनमधून व्हिडिओ कॉल. आणि मावशीकडे साधा फोन असल्यामुळे तिला मराठीतून पाठवलेले एसएमएस. बँकेचे ओटीपी याच क्रमांकावर येतात, त्यामुळे क्रमांक बदलायचा नाही. रिचार्ज मी दुसऱ्या गावाहून करते. हँडसेट काही वर्षांचा जुना आहे, पण तो तिच्या हाताला बसलेला आहे.

प्लॅन पाहायला गेले की प्रत्येक ठिकाणी रोजचा डेटा किती हेच ठळक अक्षरांत दिसते. आईच्या दृष्टीने नेमके काय पाहावे आणि कोणत्या क्रमाने, हे कृपया सांगावे.

तारायंत्र

प्लॅनचा तक्ता तूर्त बाजूला ठेवा. तुमची अडचण डेटाची नसून आतल्या खोलीची आहे, आणि त्या खोलीत कोणाची रेंज पोहोचते हे कळल्याखेरीज किमतींची तुलना करण्यात अर्थ नाही.

कंपन्यांचे कव्हरेजचे नकाशे बहुतेक वेळा गणिती अंदाजावर काढलेले असतात आणि घराबाहेरची स्थिती दाखवतात. भिंतीच्या आत काय होते हे बऱ्याच अंशी लहरींच्या वारंवारतेवर अवलंबून असते. ७०० ते ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांबवर जातात आणि भिंतींतून तुलनेने सहज आत शिरतात. १८००, २१०० किंवा २६०० मेगाहर्ट्झवर एकाच वेळी जास्त ग्राहकांना वेग देता येतो, पण त्या लहरी भिंतींना लवकर हार मानतात. त्यामुळे रस्त्यावर उत्तम वेग देणारी कंपनी आतल्या खोलीत निरुपयोगी ठरू शकते. शिवाय कंपनी जो बँड (म्हणजे लहरींचा वारंवारता-पट्टा) वापरते तो आईच्या हँडसेटला पकडता आला पाहिजे. जुन्या फोनच्या बाबतीत ही शंका आधी फेडून घ्या. मॉडेलच्या तांत्रिक माहितीत बँडची यादी असते.

खात्रीचा मार्ग एकच. ज्या दोन-तीन कंपन्यांचा विचार आहे त्यांची सिमकार्डे शेजारीपाजारी किंवा नातेवाइकांकडून थोड्या वेळासाठी मागून घ्या आणि आईच्याच हँडसेटमध्ये, त्याच खोलीत, दार लावून तपासा. दुसरे सिम घातल्यावर फोनने कुलूप उघडण्याचा कोड मागितला, तर तो हँडसेट एका कंपनीशी बांधलेला आहे असे समजावे. तसे असेल तर ती गाठ आधी सोडवून घ्यावी लागेल. तपासणी संध्याकाळी करा, कारण तेव्हा नेटवर्कवर ताण असतो. पडद्यावरच्या दांड्यांवर विसंबू नका. किती सिग्नलला किती दांड्या दाखवायच्या हे प्रत्येक फोननिर्माता आपापले ठरवतो. बऱ्याच अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये सिमच्या माहितीखाली सिग्नलची ताकद उणे आकड्यात दिलेली असते. फोर-जीसाठी उणे ९०च्या आसपासचा आकडा चांगला, आणि उणे ११०च्या पलीकडे गेला की आवाज तुटण्याची तयारी ठेवावी. या मापात १०चा फरक म्हणजे ताकदीत दहापट फरक, म्हणून उणे ९८ आणि उणे १०८ यांना जवळजवळ सारखे मानू नका.

आणखी एक गोष्ट पाहा. फोन चालू असताना वरच्या कोपऱ्यातले फोर-जीचे चिन्ह टिकते का? ते खाली उतरून थ्री-जी किंवा टू-जी झाले, तर तो फोन त्या कंपनीच्या व्होल्टे सेवेवर चालत नाही. फोर-जीची रचना मुळात डेटासाठी आहे. तिच्यावरून बोलायचे तर व्होल्टे लागते, नाहीतर कॉलसाठी फोन जुन्या नेटवर्कवर उतरतो. जिथे जुनी नेटवर्के बंद झाली आहेत किंवा होणार आहेत तिथे असा हँडसेट इंटरनेट दाखवेल, पण साधा फोन लागणार नाही. एकट्या राहणाऱ्या माणसाच्या बाबतीत हा धोका पत्करू नये, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

निळासागर

तारायंत्र यांच्याशी सहमत आहे, पण डेटा अगदीच दुर्लक्षू नका. साधारण दर्जाचा व्हिडिओ पाहताना तासाला १ जीबीपर्यंत, तर एचडी दर्जाला ३ जीबीपर्यंत डेटा जाऊ शकतो. तुमच्या आई व्हिडिओ पाहत नसतील तर रोजचा मोठा कोटा मध्यरात्री वाया जाईल; त्यापेक्षा पूर्ण मुदतीसाठी एकत्र डेटा देणारा प्लॅन बरा, कारण व्हिडिओ कॉल रोज होत नसतात. मर्यादा संपल्यावर काय होते तेही वाचा. काही ठिकाणी डेटा थांबतो, तर काही ठिकाणी वेग ६४ केबीपीएसवर येतो आणि जाहिरातीत त्यालाच ‘अमर्याद’ म्हटलेले असते. त्या वेगाने १ एमबीचा एक फोटो उतरायला दोन मिनिटांहून अधिक वेळ लागतो. नातवंडांचे फोटो तेवढ्यात यायचे नाहीत.

हिशेबवही

मला वैधतेबद्दल लिहायचे आहे, कारण बँकेचे ओटीपी ज्या क्रमांकावर येतात त्याच्यासाठी माझ्या मते रेंजच्या खालोखाल महत्त्व वैधतेला आहे.

२८ दिवसांचा प्लॅन महिन्याचा वाटतो, पण १२ रिचार्ज केल्यावर ३३६ दिवसच भरतात; वर्ष जवळजवळ पूर्ण करायला १३ रिचार्ज लागतात. म्हणून कोणत्याही प्लॅनची किंमत दिवसांनी भागून पाहा आणि त्याच एका आकड्यावर तुलना करा. कमी किमतीचा दिसणारा प्लॅन या भागाकारात अनेकदा महाग निघतो. मात्र लांब मुदतीचा प्लॅन पहिल्याच खेपेला घेऊ नका, कारण प्रीपेडमध्ये उरलेली मुदत परत मिळेल किंवा दुसऱ्या कंपनीकडे जाताना बरोबर नेता येईल असे धरून चालता येत नाही. एक छोटी मुदत वापरून पाहिल्यावर मग लांबचा घ्यावा.

मुदत संपल्यावर काय होते, यासंबंधी कंपनीला दोन स्वतंत्र प्रश्न विचारा. येणारे फोन आणि एसएमएस किती दिवसांनी बंद होतात? आणि क्रमांक किती दिवसांनी काढून घेतला जातो? पहिल्या टप्प्यात ओटीपी अडतात, पण रिचार्ज केला की काम निभावते. दुसऱ्या टप्प्यात तोच क्रमांक कालांतराने दुसऱ्या कोणाला दिला जाऊ शकतो, आणि मग तुमच्या आईच्या खात्याचे संदेश अनोळखी माणसाच्या हातात पडतात. तुम्ही दुरून रिचार्ज करता, पण मुदत संपत आल्याची सूचना मात्र आईच्या फोनवर येते. ती तारीख तुमच्या स्वतःच्या फोनच्या कॅलेंडरमध्ये चार दिवस आधीची घालून ठेवा.

एसएमएसचा हिशेबही वेगळा असतो. रोमन लिपीत एका संदेशात १६० अक्षरे मावतात. देवनागरीत साधारणपणे ७०च. त्यातही काना, मात्रा, हलन्त हे सगळे स्वतंत्र मोजले जातात. ‘नमस्कार’ हा शब्द आपण चार अक्षरांचा म्हणतो, पण फोन त्याचे सात धरतो. संदेश लांबला की प्रत्येक तुकड्यात ६७ अक्षरे बसतात आणि प्रत्येक तुकडा वेगळा संदेश म्हणून धरला जातो. मावशींना लिहिलेले एक चार ओळींचे खुशालीचे पत्र प्लॅनमधले तीन एसएमएस खाऊ शकते. तेव्हा प्लॅनमध्ये एसएमएस किती आहेत आणि ते संपल्यावर दर काय, हे नक्की पाहा.

पाऊलवाट

सर्वांचे मनापासून आभार. सुट्टीत आईकडे आले आहे, म्हणून लगेच तपासणी केली. दोन सिमकार्डे मिळाली. आतल्या खोलीत एकाचा आकडा उणे ११४ आला आणि दुसऱ्याचा उणे ९५; दुसऱ्यावर बोलताना फोर-जीचे चिन्हही टिकले. आता त्याच टॉवरांवर चालणारी, पण स्वतःचे टॉवर नसलेली एक स्वस्त सेवाही मिळते आहे. ती घ्यावी का? आणि क्रमांक तोच ठेवून बदल करताना काय सांभाळावे?

तारायंत्र

१९चा फरक म्हणजे जवळपास ऐंशीपट ताकद. निर्णय झाला असे समजा.

टॉवर भाड्याने घेणाऱ्या सेवेची रेंज सहसा मूळ कंपनीइतकीच असते, पण गर्दीच्या वेळी तिच्या ग्राहकांचा डेटा मागे ठेवला जाऊ शकतो; ते दोन कंपन्यांमधल्या करारावर ठरते. तुमच्या आईच्या वापराला त्याने फारसे बिघडू नये. मात्र आईच्या मॉडेलवर त्या सेवेचे व्होल्टे चालते का, हे स्पष्ट विचारा, कारण मूळ कंपनीवर चालले म्हणून तिथेही चालेलच असे नाही. उत्तर ठाम मिळाले नाही तर मूळ कंपनीच घ्या. ई-सिमच्या, म्हणजे कार्डाशिवाय फोनमध्येच नोंदवल्या जाणाऱ्या सिमच्या, फंदात पडू नका. फोन बिघडला तर साधे कार्ड शेजारचे कोणीही काढून दुसऱ्या फोनमध्ये घालू शकते, आणि आईसाठी ते मोलाचे आहे.

बदल करताना जुनी सेवा आधी बंद करू नका. क्रमांक चालू असतानाच नव्या कंपनीकडे पोर्टची, म्हणजे तोच क्रमांक ठेवून कंपनी बदलण्याची, मागणी नोंदवा. जुन्या सिममधली शिल्लक बहुधा बरोबर येत नाही, ती आधी वापरून टाका. बदलाच्या काळात काही वेळ फोन बंद राहू शकतो, तेव्हा तो दिवस बँकेच्या कामाचा नसावा. नव्या सिमच्या पाकिटावरचा पीयूके क्रमांक जपून ठेवा: सिमचा पिन तीनदा चुकला की तो लागतो, आणि तोच दहादा चुकला की सिम कायमचे निकामी होते. आईचे संपर्क सिममध्ये साठवलेले असतील तर ते फोनमध्ये उतरवून घ्या. एखादा राहिला तरी, सेवा बंद झालेल्या सिममधूनही ते वाचता येतात, म्हणून जुने कार्ड लगेच टाकून देऊ नका.